विरळणी

कॅनडा कॉर्नरच्या मागे एक अभ्यासिका,
दुमजली उंचीचा हॉल, बावीस फुटांवर स्लॅब,
आणि स्लॅबखालच्या त्या पोकळीचं काय करायचं
हे ठरवायचे मला पैसे मिळत होते.

मी कागदावर चौसष्ट दिवे काढले.
अंबडच्या शेडमध्ये लेथवर ओढलेल्या ॲल्युमिनियमच्या वाट्या,
आतून पांढऱ्या, बाहेरून शिशाच्या रंगाच्या,
प्रत्येकीच्या कडेला तीन खाचा:
एक वाटी दुसरीत अडकते, दुसरी तिसरीत,
हवं तसं वाढवा, हवं तसं मोडा.
मॉड्युलर, मी म्हणाले.
शहाणे सरांनी तो शब्द दोनदा उच्चारून पाहिला,
पेढा चाखावा तसा,
आणि ॲडव्हान्सचा चेक फाडला.

नोव्हेंबरात, टेस्टिंगच्या संध्याकाळी, सगळे एकदम लावले.
उजेड होता. तक्रार करायला जागा नाही इतका होता.
लक्समीटर खूश.
पण टेबलांना पाय होते आणि पायांना सावल्या नव्हत्या,
आणि वर, जिथे मला एक आकार दिसायचा होता,
तिथे नुसती गर्दी.
मी म्हणाले, डिमर लावू.
बागूल इलेक्ट्रिशियन म्हणाला, लावू.
मी म्हणाले, दीड फूट खाली घेऊ.
तो म्हणाला, घेऊ,
आणि चहाला कुणाला पाठवावं ते बघू लागला.

खाली पीओपीचा चुरा झाडत होती मंजुळा भोये,
पेठ तालुक्याची, रोज चारशे.
तिनं खराटा भिंतीला टेकवला,
मान वर करून बराच वेळ पाहिलं.

"लई दाट झालाय घड," म्हणाली.
"थिनिंग नाय केलं का?"

बागूल हसला. मीही हसणारच होते.
पण ती सांगत राहिली, आम्हाला नाही, दिव्यांनाच:
पिंपळगावला बागेत मंडपाखाली उभं राहायचं,
दिवसभर मान वर, हातात कात्री,
मणी ज्वारीएवढा झाला की
आतले, दबलेले, जोडीतले काढत जायचे.
मालक बाजूलाच उभा असतो,
पहिल्या दिवशी त्याचा जीव जातो.
"ठेवले ते फुगत्यात, ताई.
नाय काढले तर समदेच बारीक राहत्यात,
अन् आतल्या आत सडत्यात."

कुठले काढू, मी विचारलं.
पाच वर्षं आर्किटेक्चर शिकले,
हा प्रश्न कुणाला विचारला नव्हता.

तो. त्याच्या मागचा.
हे दोघं चिकटलेत, त्यातला कंचाबी एक.
खांद्याचे राहू द्या. शेंडा खुडा.
बागूल मचाणावर, मी खाली नंबर लिहितेय,
आणि ती खराट्याच्या दांड्यानं
बावीस फुटांच्या हवेत खुणा करतेय,
चहा येऊन गार झाला.

तेवीस उतरले.
एकेचाळीस उरले, आणि त्यांच्या मधे काळोख आला,
मोजका, कामाचा,
त्यानं प्रत्येक वाटीला कड दिली.
टेबलांखाली सावल्या परतल्या.
मी पर्समधली डायरी उघडून टेबलावर ठेवली,
दोन पानांच्या मधली घडी
पहिल्यांदा दिसली.

बिल चौसष्टचंच लावलं. खोटं कशाला बोलू.
डिझाइन फी पूर्ण.
हजेरीच्या वहीत त्या दिवशी लिहिलंय:
भोये मंजुळा, झाडलोट, एक रोज.
पुढच्या आठवड्यात तिला शोधत गेले,
काय द्यायचं ते नक्की ठरवलं नव्हतं.
बागूल म्हणाला, पिंपळगावची गाडी सोमवारीच भरली.
उतरवलेल्या वाट्या माझ्या ऑफिसात खोक्यात आहेत,
एकीत मी टाचण्या ठेवते.

छतात तेवीस हुक रिकामे.
शहाणे सर म्हणतात, बुजवून घ्या, बरं दिसत नाही.
येते म्हणते, जात नाही.
एमपीएससीची पोरं तिथे रात्री साडेअकरापर्यंत बसतात,
एखाद्याचं राज्यघटनेत मन लागत नाही,
मान मागे टाकून हुक मोजू लागतो.
बावीस येतात त्याचे.
पुन्हा मोजतो.